मागून घेतलेली बाटली

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई माझ्याकडे आली. तिच्या गर्भाशयाची पिशवी काढायचं ठरलं होतं. माझं तेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, म्हणून चार गोष्टी विचारायला आली होती. चहा घेतला, पदराने तोंड पुसलं आणि आमच्या पाली गावात कोणीही पहिला विचारील तोच प्रश्न तिने विचारला : "बाई, तुम्हाला किती बाटल्या रक्त लागलं?"

मी म्हटलं, "लागली एकही नाही. घेतली एक."

तिला वाटलं, बाई थट्टा करतायत. ती हसली, मीही हसले आणि विषय पथ्यपाण्यावर नेला. ती गेल्यावर मात्र जेवण जाईना. इतरांना धीर देण्यासाठी माणसं आपल्या आजारपणाबद्दल लिहितात. मीही तेवढ्यासाठीच लिहितेय, पण यात माझ्या धीराचं काही सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

न दिसणारं दुखणं

ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं माझ्या अंगावरून जात होतं. महिन्यातले पंधरा पंधरा दिवस. गडद रंगाची साडी नेसून मी शाळेत जायचे, फळ्याला पाठ टेकून शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत दप्तरांच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसायचे. घरी सांगून उपयोग नव्हता. सासूबाईंनी सहा मुलं घरातच जन्माला घातली आणि एकदा तर बाराव्या दिवशी भाताच्या लावणीला उभ्या राहिल्या. त्या दुष्ट नव्हेत, पण त्यांच्या हिशेबी बायकांचं दुखणं हे दुखणंच नव्हतं. मी लवकर आडवी झाले की त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "पगार आनते ना, दमनारच." माझे यजमान रत्नागिरीला कोर्टात कारकून. संध्याकाळच्या एसटीने परतायचे. आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं.

शेवटी एकदा वर्गातच डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा रत्नागिरीच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर साठीच्या घरातले, कमी बोलणारे. पोट दाबून पाहिलं, मुलं किती ते विचारलं आणि म्हणाले, "पिशवीत गाठी आहेत. साध्या आहेत, पण पिशवी काढलेली बरी."

भीती नंतर वाटली. त्या क्षणी मला आनंद झाला. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं आणि ते घरी नेऊन दाखवता येणार होतं.

मोकळा स्टँड

मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं नाही, आधीचं कमी आहे ते लोहाच्या गोळ्यांनी भरून येईल.

सहा खाटांची खोली होती. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, नऊला डॉक्टरांची फेरी, अकराला घरून आलेली पेज, आणि चारपासून भेटायला येणाऱ्यांची रीघ. शेजारच्या खाटेवर अलोऱ्याची एक बाळंतीण होती. तिचे यजमान तिथल्या प्रकल्पाच्या वसाहतीत राहणारे. बाळंतपणात तिचं पुष्कळ रक्त गेलेलं, त्यामुळे तिला दोन बाटल्या चढवल्या होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी वर टांगलेल्या बाटलीकडे बघायचा, च्यक च्यक करायचा आणि मग तिच्याकडे वळायचा. माझ्या खाटेशीही तसाच लोखंडी स्टँड होता, पण पहिल्या दिवशीचं सलाईन काढल्यापासून तो मोकळाच होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. माझ्याकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं, शेजारच्या बाटलीकडे बघितलं आणि टेकता टेकता म्हणाल्या, "बाटली नाय लावली? मंग फार काय नव्हतं म्हनायचं."

एवढंच. पण ते माझ्या जिव्हारी लागलं. पोटाला वीतभर चीर, एक अवयव गेलेला, आणि दोन वर्षांचा माझा सगळा त्रास त्या रिकाम्या स्टँडपाशी खोटा ठरला.

त्याच्या पुढच्या सकाळी मी डॉक्टरांना म्हटलं, मलाही एक बाटली रक्त द्या, म्हणजे लवकर ताकद येईल. ते म्हणाले, "रक्त हे टॉनिक नव्हे, बाई. ते दुसऱ्याच्या शरीरातलं असतं. ते पेलणं हेही शरीराला कामच आहे, आणि तुमच्या शरीराला सध्या जखम भरायचं काम पुरेसं आहे." मी शहाण्यासारखी मान हलवली. मग यजमानांना त्यांच्यामागे लावलं. ते दोनदा जाऊन विचारून आले, दोनदा नकार घेऊन आले.

तेव्हा मी सिस्टरला सांगितलं की उभं राहिलं की मला गरगरतं, काल मोरीपाशी पडतापडता वाचले.

मी पडत बिडत नव्हते. वर्गात पोटदुखीचं सोंग करणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करते. माझं सोंग मात्र नीट वठलं. सिस्टरने ते वहीत लिहिलं, डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. घरचं कोणी देणारं आहे का?"

दत्ताराम

होतं. दत्ताराम, माझा धाकटा दीर. मुंबईला एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. त्याचं लग्न पावस गावच्या एका मुलीशी जमत आलं होतं, मुलगी त्याला मनापासून आवडली होती, आणि सुपारी फोडायची म्हणून तो रजा घेऊन गावी आला होता. त्याचा रक्तगट माझ्याशी जुळला तेव्हा तो एवढा खूश झाला की सिस्टरला म्हणाला, एक कशाला, दोन काढा.

बाटली लागली. रक्त देऊन झाल्यावर दत्ताराम केळं खात माझ्या खाटेशी येऊन बसला तो उठेचना. येईल त्याला सांगायचा, "ती माजी हाय." सासूबाई आल्या, त्यांनी वर बाटलीकडे बघितलं. मग पायथ्याशी बसून माझे पाय चेपायला लागल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यांनी माझ्या पायाला पहिल्यांदा हात लावला. त्या संध्याकाळी मला फार सुख वाटलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण वाटलं होतं खरं.

जखम

बाटली लागल्यापासून तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. टाक्यांच्या भोवतीची जागा लाल झाली, मग टणक झाली आणि तिथून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी दोन टाके उसवले, तेव्हा आतून जे आलं त्याचा वास मला आजही विसरता येत नाही. रोज सकाळी जखम उघडी करून धुवायचे, आत कापडाची पट्टी भरायचे, दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायचे. दिवसातून चार इंजेक्शनं. जीभ कोरडी पडायची आणि मनात सारखे दोन्ही मुलांचे चेहरे यायचे. आपण मरणार, असं मला त्या आठवड्यात पक्कं वाटत होतं.

त्या दिवसांत दोन माणसांनी मला सावरलं. अलोऱ्याची ती बाळंतीण ड्रेसिंगच्या वेळी कुशीवर वळून आपला हात माझ्या हातात द्यायची, मी तो पिळून काढायचे तरी ती सोडवून घ्यायची नाही. दुसरी तिथली आया. माझ्या खालची चादर ती दिवसातून तीनदा बदलायची, पण तिने कधी नाक मुरडलं नाही. दवाखान्यात जाणाऱ्यांना मी सांगेन, अशी माणसं तिथे असतात, त्यांना नावाने हाक मारा.

भेटायला येणारे सगळे तेच विचारायचे. ऑपरेशन चांगलं झालं होतं ना, मग हे कसं झालं? खरं काय ते मला माहीत नव्हतं, पण मनाच्या एका कोपऱ्यात मी हबकले होते. खोटं बोलून बाटली घेतली आणि तीन दिवसांत हे झालं. तो विचार आला की मी डोळे मिटून घ्यायचे.

अशात पावसहून, दत्तारामशी जमत आलेल्या त्या मुलीची आत्या आली. शहाळी घेऊन आली होती. निमित्त मला बघायचं, खरं म्हणजे आमचं घर कसं आहे ते बघायचं. तिनेही विचारलं, कशानं झालं हो हे? त्या वर्षी रक्तातून पसरणाऱ्या एका नव्या रोगाच्या बातम्या पेपरात यायला लागल्या होत्या आणि लोक अर्धंमुर्धं वाचून घाबरत होते. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालं होतं. दिराचं रक्त चढवलं आणि बिघडलं. मुंबईत एकटा राहणारा मुलगा, कुठे जातो, काय करतो, आपण काय सांगणार?"

आत्याबाईंनी खाटेच्या कडेवरचा हात उचलून मांडीवर घेतला. थोड्या वेळाने एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या.

डॉक्टर काय म्हणाले

ताप उतरल्यावर एका सकाळी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, माझ्या दिराच्या रक्तात काही दोष होता का? तोपर्यंत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला हे? आम्हाला करता येतात त्या सगळ्या तपासण्या करूनच रक्त दिलं होतं. चांगल्या धडधाकट माणसाचं रक्त होतं ते." मग स्टूल ओढून बसले आणि मला समजेल असं सांगितलं. जखमेवर जंतू प्रत्येकाच्याच बसतात, कातडीवरचे, हवेतले. शरीराचे राखणदार त्यांचा निकाल लावतात. पण दुसऱ्याचं रक्त आत आलं, मग ते कितीही चांगलं असो, की काही जणांत हे राखणदार काही काळ सुस्तावतात असं दिसून येतंय. मूत्रपिंड बदलायचं असेल तर रोग्याला आधी मुद्दाम रक्त देतात, कारण त्यानंतर शरीर परकं मूत्रपिंड तितकंसं झिडकारत नाही. तिथे ती सुस्ती कामाला येते. ताज्या जखमेच्या माणसाला ती नको असते.

"तुमचं त्यामुळेच बिघडलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही," ते म्हणाले. "रक्त न घेतलेल्यांच्या जखमाही चिघळतात. ज्याचा जीव चाललाय त्याला रक्त द्यायलाच हवं, तिथे मी क्षणभर थांबणार नाही. पण गरज नसताना देऊ नये ते एवढ्यासाठी. तुम्हाला गरगरत होतं म्हणून दिलं." आणि उठता उठता विचारलं, "गरगरत होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

वाचणाऱ्या बायांनो, या एवढ्यासाठी हे लिहिलंय. अशक्तपणा असला म्हणजे बाटली मागायची नसते. डॉक्टर लागेल म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नका, आणि नको म्हणाले तर मागे लागू नका. आणि आपल्याला काय होतंय हे त्यांना खरं सांगा, कारण ते तुमच्या शब्दावर विसंबून असतात.

पावस

मी घरी आले त्याच आठवड्यात मध्यस्थाचा निरोप आला की मुलीचं यंदा करायचं नाही. निरोपात कारण नव्हतं, पण माझे शब्द पावसहून पालीपर्यंत कधीच पोचले होते. सासूबाईंनीही ते खरे धरले. दत्तारामची रजा संपली. जाताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "वयनी, माज्यामुळं तुमचे हाल झाले." मी त्याला थांबवलं नाही. जखम अजून ओली आहे, बरी झाले की बोलू, असं मी स्वतःला सांगितलं.

महिन्याभराने एकटीच पावसला गेले. मुलीचे वडील घरापुढच्या खळ्यात नारळ सोलत होते. त्यांनी मला बसायला दिलं, कोकमाचं सरबत दिलं. मी सांगितलं की माझ्या दिराच्या रक्तात काही खोट नव्हती, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय.

त्यांनी विचारलं, "मंग आजार कशानं वाढला, बाई?"

इथे सगळं सांगायचं होतं. बाटली मला लागलीच नव्हती, सासूबाईंना दिसावी म्हणून मी खोटं बोलून ती मागून घेतली, हे एवढंच. एसटीत मी ते मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. पण माडीच्या खिडकीत मुलगी उभी होती, आत्याबाई दारात होत्या, आणि मी पालीच्या शाळेतली बाई होते. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "घरच्या मानसासाठी तुमी असंच बोलनार. तुमच्या जागी आमी बी हेच बोललो असतो." मग मला स्टॉपपर्यंत सोडायला आले. त्या मुलीचं लग्न पुढच्याच मोसमात दुसरीकडे झालं.

शिमगा

दत्ताराम त्यानंतर थेट शिमग्याला आला. पालखी आमच्या दारात येऊन गेली, पोरंटोरं नाचली, पण तो मागच्या पडवीत बसून राहिला. माझी धाकटी त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती मांडीवर चढायला गेली, तर त्याने तिला अलगद खाली ठेवलं. जेवायला बसलो तेव्हा पाहिलं, त्याचं ताट-तांब्या सासूबाईंनी पडवीतच वेगळं ठेवलं होतं, आणि तो ते स्वतः घासून पालथं घालत होता. दोन दिवस मी ते बघितलं. हेही लिहायला हवं, की दोन दिवस मी नुसतं बघितलं.

तिसऱ्या दिवशी तो मागीलदारी लाकडं फोडत होता, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. सोंग, बाटली, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि पावसच्या आत्याला मी काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. त्याने कुऱ्हाड टेकवून ठेवली. मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "म्हंजे माजं रगत चांगलं होतं?"

"चांगलं होतं, भाऊजी."

तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग म्हणाला, "आयेला तेवढं सांगाल?"

आतापर्यंतच्या आयुष्यात मला सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच. ऑपरेशन नाही, ते टाके उसवणंही नाही. सासूबाई चुलीपाशी होत्या. मी त्यांना म्हटलं, आई, बाटली मला लागली नव्हती, तुम्ही मला आजारी समजावं म्हणून मी ती खोटं बोलून घेतली, दत्ताभाऊजींचा काही दोष नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पडवीतून दत्तारामचं ताट आणलं, पुन्हा एकदा घासलं आणि माजघरात आपल्या पानाशेजारी मांडलं. त्या दिवसापासून त्या मला टाकून बोलत नाहीत. चांगलंही काही बोलत नाहीत.

मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली. वाटलं, उशिरा का होईना, निस्तरलं.

दोन दिवसांनी दत्ताराम निघाला. यजमान कोर्टात गेलेले, म्हणून एसटी स्टँडवर मी सोडायला गेले. बोलणं असं काही नव्हतं. डबा नीट ठेवा, पाणी उकळून प्या, असलं काहीतरी मी बोलत होते. गाडीला उशीर होता. तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता.

"वयनी," तो म्हणाला, "दिवाळीच्या आगुदर आमच्या कारखान्यात एकाचा हात मशीनीत गेला. माज्याच खोलीत ऱ्हातो. रगत फार गेलं. आमचे सगळे गेले द्यायला. त्याचा नि माजा गट येकच निघाला. मी नाय दिलं. म्हटलं, माजं रगत बरं नाय, देऊन उगाच मरायचा."

मी विचारलं, मग त्याचं काय झालं?

"वाचला. भायरून आनलं रगत. पन तवापासून माज्याशी बोलत नाय. त्याला वाटतं, मी भ्यालो." त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एखादी अडचण बाईंना विचारावी तसं. "आता त्याला काय सांगू, वयनी?"

गाडी आली. तो चढला, खिडकीशी बसला, आणि अजून माझ्याकडेच बघत होता. मी म्हटलं, पोचल्यावर पत्र टाका.